फक्त तासाभराचा रस्ता

बस डेपोतून निवृत्त झालेल्या घड्याळमामांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास होता: वेळापत्रक. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली, की उरतो तो प्रवास. याच हिशोबावर त्यांनी जन्मभर बस हाकली आणि याच हिशोबावर पोटच्या लेकीशी अबोला धरला.

लेक परदेशात. दोन-दोन वर्षांनी यायची. तिच्या परतीच्या तिकिटावर मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं: दहाला सुटणार, अकराला पोचणार.

"तासाभराचा रस्ता, आणि बाईसाहेबांना सवड नाही!" मामा फोनवर कडाडले होते.

"बाबा, सात तास लागतात. इथलं घड्याळ मागे असतं."

"मग दुरुस्त करून घे!"

त्या दिवसापासून फोन मामीच घ्यायच्या.

लेकीचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा मामींनी जाहीर केलं, "मी चालले. तुम्ही या, नाहीतर घर सांभाळा." मामांना साधा चहा करता येत नव्हता. निघाले बिचारे. पण गेल्या गेल्या तिला चार खडे बोल सुनावायचे, हे मनाशी पक्कं करूनच.

विमानात मामा कानटोपीसकट, पिशवी मांडीवर घेऊन, सीटच्या अगदी कडेला बसले. जेवण आलं.

"नको. आता उतरायचंच आहे."

मामींनी आपलं ताट संपवलं आणि मामांचंही पुढ्यात ओढलं.

अकरा वाजून गेले, तरी विमान खाली यायचं नाव घेईना. मामांची खात्रीच पटली: ड्रायव्हर रस्ता चुकलाय आणि लाजेपायी बोलत नाहीये. त्यांनी हवाईसुंदरीला हळूच खूण केली. "त्यांना म्हणावं, बाजूला थांबवून कुणालातरी विचारा. यात कमीपणा नसतो. आम्हीही विचारायचो."

ती बिचारी हसलीसुद्धा नाही. तिने समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एक चिमुकलं विमान होतं आणि खाली उरलेलं अंतर. पाच हजार किलोमीटर.

वेळेचा घोळ मामांना कधी कळला नसता, पण किलोमीटर कळत होते. एवढं अंतर तोडायला त्यांच्या बसला पंधरवडा लागायचा. त्यांनी कानटोपी काढली आणि पडद्याकडे बघत बसले. पाय सुजले, पोटात कावळे ओरडायला लागले. मागच्या सीटवरचं पोर रडून झोपलं आणि उठून पुन्हा रडलं. पडद्यावरचं विमान मात्र हलायला तयार नव्हतं. शेजारी मामी मजेत घोरत होत्या.

विमानतळाबाहेर लेक उभी होती, एक हात कमरेवर टेकून. बापाचा चेहरा बघून तिने मान खाली घातली. बोलणी खायची तिची तयारी होती.

मामांनी पिशवी खाली ठेवली. पाठ केलेल्या खड्या बोलांतला एकही आठवेना.

"एवढ्या लांबून," ते म्हणाले, "तू दर वेळी एकटी यायचीस?"

लेक बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मामाही रडले.

"पुरे आता," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "आधी त्यांना काहीतरी खायला घाल. तासाभराचे उपाशी आहेत."