बिनाऑक्सिजनचे काका

आमचे घरमालक जिना चढायला लागले की आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. एक पायरी चढायची, थांबायचं, पोटातून श्वास घ्यायचा, मग दुसरी. कठड्याला हात म्हणून लावायचे नाहीत. अमेरिकेतल्या आयसेलिनमधलं साधं लाकडी घर, खाली आम्ही भाडेकरू, वर ते एकटे. वर होतं काय, तर दोन खोल्या आणि एक बाथरूम. पण थाट असा, की पोचले की झेंडाच रोवणार. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, म्हातारा रोज संध्याकाळी टाकून येतो. म्हणून मी मदतीला धावलो, दंड धरला, आणि बुटाला लागलेल्या बर्फावरून मीच घसरून ढुंगणावर आपटत खाली आलो. ते जागचे हलले नाहीत. वरून नुसते म्हणाले, "बिस्तारै, बिस्तारै." नेपाळीत म्हणजे हळूहळू. गोरा माणूस, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि तोंडात नेपाळी! पडल्याचं दुःख मी तिथेच विसरलो.

हे घरमालक, म्हणजे आमचे काका, मूळचे चेक देशातले. हिमालयातले आठ हजार मीटरच्या वरचे डोंगर चढलेला माणूस, आणि तेही दर वेळी ऑक्सिजनची बाटली न लावता. हे मला कळायला दोन वर्षं लागली. काका सांगत नव्हते, आणि मी ऐकत नव्हतो. मला बोलायला आवडतं ना. दोन वर्षं मी त्यांना माझ्या गावाजवळच्या टेकडीची गोष्ट सांगत होतो. मी ती कशी चढलो, वर वारा कसा होता, चप्पल कशी उडाली. ते मान डोलवत ऐकायचे. मधेच विचारायचे, "उतरलास कसा?" मी म्हणायचो, "बैलगाडीतून." ते म्हणायचे, "शहाणा आहेस."

आमचं बोलणं म्हणजे त्यांचं मोडकं इंग्लिश आणि माझं त्याहून मोडकं. सातवीला गुरुजींनी आणि मी एकमेकांचा नाद सोडला, तिथेच माझं इंग्लिश थांबलं. मेव्हण्याने अमेरिकेत आणलं, ओक ट्री रोडवरच्या एका थाळीच्या हॉटेलात भट्टीपुढे उभा केला, तो अजून उभाच आहे. रस्त्यावरचे सगळे मला "अरे ए" म्हणतात. काका एकटे "कुकजी" म्हणायचे. डोंगरावर बेस कॅम्पच्या आचाऱ्याचा मान सगळ्यात मोठा असतो म्हणे. तो रुसला तर चढाई संपली. काका हॉटेलात आले की आधी मला आतून बोलावणार, स्वतःचा चहा माझ्या हातात देणार आणि मी घोट घेतल्याशिवाय स्वतः पिणार नाहीत. शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "अरे ए, गिऱ्हाइकाचा चहा काय पितोस!" मी म्हणायचो, "शेठ, कस्टमर सर्व्हिस." त्यांना मूग डाळ आणि भात लागायचा, बिनतिखट. एकदा मी ऐट म्हणून स्पेशल फोडणी दिली. ते घाम पुसत म्हणाले, "कुकजी, धौलागिरीवर मला एवढं गरम कधी झालं नाही."

धौलागिरीवरच त्यांची डाव्या पायाची बोटं गेली होती. थंडीने काळी पडली, मग कापावी लागली. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, उन्हाळ्यात त्यांचा उघडा पाय पाहिला आणि घाबरून विचारलं, "काका, बोटं कुठेत?" ते म्हणाले, "वर ठेवली. परत न्यायला जमलं नाही." दुसऱ्या दिवशी मंदाने त्यांना लोकरीचे मोजे विणायला घेतले. मी लग्नाला तीस वर्षं झाली तरी एक मोजा मागतोय.

जेवता जेवता थोडं थोडं कळत गेलं. त्यांच्या गावाजवळ वाळूच्या दगडाचे उंच सुळके. तो दगड इतका ठिसूळ, की लोखंडी खिळा, आकडा काही ठोकायला बंदी. भेगेत दोरीची गाठ अडकवायची आणि तिच्यावर जीव टाकायचा. पोटासाठी कारखान्यांच्या धुराड्यांना रंग द्यायचे, दोरावर लटकून. तिकडे सगळे चढणारे हेच काम करायचे म्हणे, उंचावर दुसरं कोण जाणार? मग मित्रांनी मिळून एक ट्रक पिठाने आणि मांसाच्या डब्यांनी भरला, आणि आपल्या देशातून निघून तुर्कस्तान, इराण करत करत तो नेपाळला नेला. मी नाशिकहून मुंबईला एसटीने निघालो तरी कसाऱ्याला ओकतो. पुढे अमेरिकेत आले ते इथल्या पुलांना आणि पाण्याच्या टाक्यांना रंग द्यायला. गाडीत बसले की टाक्या दाखवायचे. "ती माझी. तीपण माझी." आपले लोक प्लॉट दाखवतात ना, तसं.

एकदा वेस्ट विंडसरच्या आपल्या मराठी ट्रेकिंग ग्रुपने त्यांना बोलावलं. सगळे आयटीवाले, पुण्याचे, नागपूरचे, पायात माझ्या पगाराएवढे बूट. मी सोबत दुभाषा म्हणून गेलो, म्हणजे बघा. पहिलाच प्रश्न आला, "काका, एव्हरेस्ट केलंत?" काका म्हणाले, "नाही." एवढंच. खोलीतले निम्मे लोक बटाटेवड्यांकडे वळले. मग नागपूरची एक मुलगी म्हणाली, "पण ऑक्सिजनशिवाय वर कसं वाटतं हो?" काका खुलले. म्हणाले, "बूट घालायला घेतो, आणि हातात काय आहे ते आठवत नाही. तासभर बुटाकडे बघत बसतो." मी म्हटलं, "मला हे आयसेलिनमध्येच होतं." सगळे हसले. ती काही हसली नाही. "यार, मग बाटली का नाही लावायची?" तिने विचारलं. काकांनी जरा विचार केला. "बाटली लावली की डोंगर खाली माझ्याकडे येतो. मला वर त्याच्याकडे जायचं होतं." त्या वेळी त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी दुभाषेपणाच विसरलो.

आणि गेल्या वर्षी त्यांची छाती बिघडली. डोंगराने नाही, रंगाने. इतकी वर्षं टाक्यांवर जे फवारलं, ते आत जाऊन बसलं होतं. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन काढतं, नाकात बारीक नळी, बस. मशीन आलं आणि जिन्याच्या वरच्या वळणावर खोक्यातच राहिलं. काका म्हणाले, "आठ हजार मीटरवर घेतला नाही. समुद्राशेजारी घेऊ?"

त्यांची मुलगी हाना कोलोरॅडोत राहते, डोंगरातल्या एका उंच गावात. बाईंना पस्तिशीनंतर पहिलं बाळ होणार होतं. काकांना तिच्याकडे जाऊन राहायचं होतं, बाळ बघायचं होतं. खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून तर जास्तच. पण तिथली हवा विरळ. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, नळी लावणार असाल तर जा, नाहीतर तिथे पोचून आठवडा निघणार नाही. ज्या माणसाने हिमालय पाहिला, त्याला लेकीच्या घरची उंची झेपेना. हानाने मला फोन केला. "अंकल, ते माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांचं नाही. तुमचं ऐकतील." मी मंदाकडे बघितलं. माझं कधी कोणी ऐकलंय? ती म्हणाली, "जा. तुम्ही मूर्खासारखं बोलता, त्यांना बरं वाटतं."

सोमवारी आमचं हॉटेल बंद असतं. दुपारी डाळभात घेऊन वर गेलो. काका खिडकीपाशी बसलेले, ओठ निळसर. मी सगळं बोललो. हाना, बाळ, डॉक्टर, देव. माझ्या गावच्या टेकडीचापण उल्लेख झाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुकजी, तुझं मशीन कुठाय?"

इथे माझी पंचाईत. मी घोरतो. साधं नाही, काकांच्या भाषेत सांगायचं तर रोज रात्री खाली कडा कोसळतो. झोपेत माझा श्वास अडकतो, म्हणून डॉक्टरांनी मला सीपॅप दिलंय, तोंडावर लावायचा मास्क आणि त्याला सोंडेसारखी नळी. दोन वर्षं ते कपाटात, मंदाच्या साड्यांखाली होतं. मी म्हटलं, "काका, माझी गोष्ट वेगळी."

"कशी?"

"मी त्यात हत्तीसारखा दिसतो."

"आणि मी नळीत कसा दिसेन?"

 मग म्हटलं, ठीक आहे, मी लावतो, मग तुम्ही लावा. खाली धावलो, साड्या उपसल्या, मशीन वर आणलं आणि त्यांच्यासमोर पट्टे करकचून आवळून मास्क चढवला. दोन गोष्टी राहून गेल्या. एक, मशीनचा प्लग लावला नव्हता. दुसरी, मास्कला श्वास बाहेर जायला जी बारीक भोकं असतात, ती शिट्टी वाजते म्हणून मी कधीतरी टेप लावून बुजवली होती. मला वाटलं, सवयीने जमेल. दोनचार श्वासांत डोळ्यांपुढे काजवे. पट्टा सुटेना. मी खुणा करतोय, आणि काकांना वाटतंय मी हत्तीची नक्कल करतोय. मग त्यांना कळलं. खुर्चीतून ताडकन उठले, माझ्या मानेमागे हात घालून एका झटक्यात पट्टा सोडवला. बर्फात काय काय सोडवलेले हात ते. पण त्या एका झटक्यात त्यांचा दम संपला. भिंतीला टेकले, खाली बसले, आणि श्वास येईना. तोंड उघडं, आणि आत काही जात नाही. मी जमिनीवर, ते जमिनीवर. 

धपधप ऐकून मंदा वर आली. दारात उभी राहिली. "देवाने दोघांना एकेक नाक दिलं, तेपण चालवता येईना!" असं म्हणून तिने जिन्यावरचं खोकं आत ओढलं, मला ओलांडलं, खोकं फाडलं, मशीन सुरू केलं आणि लहान मुलाला टोपी घालावी तशी ती नळी काकांच्या कानांमागून नाकात बसवली. त्यांनी हात वर केला. तिने तो दाबून खाली ठेवला. "गप्प बसायचं." मराठीत. त्यांना कळलं.

आम्ही तिघं तसेच जमिनीवर बसून राहिलो. मशीन घरघरत होतं. हळूहळू काकांच्या ओठांचा रंग परतला. मग म्हणाले, "मिरेकला असं वाटलं असेल."

मिरेक त्यांचा जोडीदार. शिखर समोर दिसत असताना मिरेक आजारी पडला. काका शिखर सोडून त्याला खाली घेऊन निघाले. तो मधेच बसला, तेव्हा एकटे तंबूपर्यंत उतरले, आजाऱ्यासाठी ठेवलेली एकुलती बाटली उचलली आणि पुन्हा वर चढून त्याच्या तोंडाला लावली. मिरेक रडला होता. "मला वाटायचं, बाटली लावावी लागली, त्या लाजेने रडला," काका म्हणाले. "म्हणून मी कधी कोणाला सांगितलं नाही." मंदाने विचारलं, "आता आहे का तो?" ते म्हणाले, "आहे ना. प्रागमध्ये. नातवंडांना स्केटिंगला नेतो." मग स्वतःच्या नळीला त्यांनी हळूच बोट लावून पाहिलं.

त्यानंतर नळी निघाली नाही. मीपण टेप काढून मास्क लावायला लागलो, कारण काका सकाळी विचारायचे आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायला जमायचं नाही. मंदा म्हणते, आता इतकं शांत असतं, की मीच उठून तुम्हाला हलवून बघते.

नोव्हेंबरमध्ये आम्ही त्यांना नेवार्क एअरपोर्टला सोडलं. खांद्याला छोटं मशीन, नाकात नळी, पायात मंदाचे मोजे. सिक्युरिटीच्या रांगेत एका माणसाने विचारलं, "सर, सगळं ठीक?" काका म्हणाले, "उत्तम. वर चाललोय." मी डबा दिला, मूग डाळ आणि भात. डाळ पातळ म्हणून सिक्युरिटीने काढून घेतली. एवढी वर्षं अमेरिकेत राहून मला हे माहीत नव्हतं. ते भाताचा डबा छातीशी धरून गेले. मागे वळून बघितलं नाही. मंदा म्हणाली, तोल जाईल म्हणून. मी म्हटलं, हो.

बाळ झाल्यावर व्हिडिओ कॉल आला. काकांच्या मांडीवर ते गाठोडं, मागे खिडकीत पांढरा डोंगर. बाळाने मुठीत त्यांची नळी धरली होती आणि ओढत होतं. हाना ओरडत होती, "डॅड, डॅड!" काका म्हणाले, "ओढू दे. तिची पकड बघ, कुकजी." इतके हसले की धाप लागली.

मार्च संपता संपता हानाचा फोन आला. काका सकाळी खुर्चीतच गेले, खिडकीपाशी. मी त्या दिवशी डाळीत मीठ घालायचं विसरलो. शेठनी गल्ल्यावरून उठून स्वतःच ते घातलं.

दोन आठवड्यांनी तिचा पुन्हा फोन. काका काय काय चढले, याच्या चार ओळी ती त्यांच्या गावच्या चढाईवाल्यांच्या क्लबला लिहून पाठवणार होती, आणि त्याआधी मला वाचून दाखवायच्या होत्या. का, ते मी विचारलं नाही. ती वाचत होती. डोंगराचं नाव, आणि पुढे, ऑक्सिजनशिवाय. पुढचा डोंगर, ऑक्सिजनशिवाय. मग थांबली.

"अंकल, शेवटची ओळ त्यांनीच सांगून ठेवलीय. लिहू का? क्लबवाले हसतील."

"वाच."

"मुलीचं घर, कोलोरॅडो. ऑक्सिजन लावून."

मला काहीतरी विनोदी बोलायचं होतं.  मंदा शेजारी कणीक मळत उभी होती, फोन स्पीकरवर होता. हात तसेच परातीत ठेवून ती म्हणाली, "लिही म्हणावं तिला."

मी म्हटलं, "लिही."