कलम कोणतं बे?

"कलम कोणतं बे?" असं तो विचारायचा. कुणी काही नियम सांगितला की हनुवटी वर करायची, डावा हात कानामागे न्यायचा आणि विचारायचं. सायकलच्या वाटेवरून चालू नका म्हणणाऱ्या पोराला विचारलं. दुकानात द्राक्षं चाखू नका म्हणणाऱ्या बाईला विचारलं, तेही मराठीत. ती बिचारी हसून निघून गेली, तर हा मला म्हणतो, "बघ, नव्हतं तिच्यापाशी."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माझ्या शेजारी होता. हॉलंडात, फेल्डहोवनला आमची घरं एका रांगेत, मधे एकच भिंत. पलीकडे त्याची लेक राहते, जावई चिपची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत. हा नागपूरचा, बायको आधीच गेलेली, दर वर्षी लेकीकडे पाहुणा यायचा. मी रत्नागिरीकडचा, बोटीवर भांडी घासत इकडे आलो आणि आइंडहोवनला एका हॉटेलच्या किचनमध्ये जन्म काढला. शाळा चौथीपर्यंत. पहिल्यांदा त्यानं मला 'बे' म्हटलं तेव्हा मी बोलणंच टाकलं होतं. माझी बायको म्हणाली, अहो, त्यांच्याकडे प्रेमानं म्हणतात. म्हणून परत बोलायला लागलो.

बायको गेल्या मे महिन्यात गेली. ऑक्टोबरात हा आला तो बॅग ठेवून थेट माझ्याकडे. बसला.  दारामागच्या खुंटीवर तिचा निळा कोट होता. माझा मुलगा रविवारी यायचा आणि म्हणायचा, बाबा, आता काढा तो, असं ठेवायचं नसतं. एका रविवारी हा तिथंच बसलेला. हनुवटी वर, हात कानामागे. "कलम कोणतं बे?" मुलगा इंजिनियर आहे माझा. त्यानं विषय सोडला. कोट राहिला.

कायद्यावर त्याचा जीव होता. देवावर नाही. घरात बुद्धाची मूर्ती, पण तिच्यापुढेही आपण कधी काही मागितलं नाही म्हणायचा. पंचांगाचा तर रागच. लेकीचं लग्न त्यानं मुद्दाम अमावास्येला लावलं. त्यावरून मी थट्टा करायचो. एकदा म्हणाला, "माझ्या बापाला शाळेत दाराबाहेर बसवलं, ते पोथीवाल्यांनी. आत घेतलं ते कायद्यानं." मग मी ती थट्टा सोडली.

तरुणपणी तो कॅनडात कारखान्यात होता. तिकडचा नागरिक झाला, मग आईसाठी नागपूरला परतला. लेक नागपूरला जन्मली, तरी बापामुळे कॅनडाची. पण तिकडचा जुना कायदा असा, की देशाबाहेर जन्मलेली पहिली पिढी आत, आणि तिची मुलंही बाहेरच जन्मली तर ती बाहेर. म्हणजे इथं जन्मलेली त्याची सहा वर्षांची नात कॅनडाची नाही. जावयाच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललेलं, लेकीच्या मनात कधीतरी तिकडे जायचं, म्हणून हे त्याला फार लागायचं.

तो कायदा बदलला. नोव्हेंबरात बातमी आली तसा हा नुसत्या मोज्यांवर माझ्या दारात. नात आत आली होती. आजवर अशी बाहेर राहिलेली सगळी पोरं आत. मी चहा केला. तो फोनवर पुढचं वाचत होता, आणि वाचता वाचता त्यानं कप खाली ठेवला. कायदा लागू व्हायचा होता डिसेंबरच्या मध्यावर. त्या दिवसापासून पुढे जन्मणाऱ्यांना वेगळा हिशेब. त्यांची कॅनडाची आई किंवा बाप तिकडे तीन वर्षं राहिलेला पाहिजे. लेक शिकायला म्हणून दोनच वर्षं होती. आणि तिला आठवा महिना चालू, दिवस भरणार डिसेंबर संपताना.

"एका आईच्या पोटची दोन," तो म्हणाला. "एक आत, एक बाहेर. जन्मावरून. काहून?"

चहा तसाच गार झाला.

दोन दिवसांनी तो मला लेकीच्या सुईणबाईकडे घेऊन गेला. इथं बाळंतपण सुईण बघते, शिकलेली असते, सायकलवर फिरते. डॉक्टर लागलाच तर. लेकीला त्यानं सांगितलं नव्हतं. इंग्रजी त्याला माझ्यापेक्षा बरं यायचं, पण तू इथला जुना, तुझी डच ऐकून ती ऐकेल म्हणाला. माझी डच किचनमधली. तरी विचारलं, बाळंतपण दोनेक आठवडे आधी उरकता येईल का. बाईनं विचारलं, आईला त्रास आहे? नाही. बाळाला? नाही. मग कशासाठी? मी म्हटलं, कॅनडा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिच्याबद्दल मी तिच्याशी बोलेन, तुमच्याशी नाही.

यानं हनुवटी वर केली. "विचार तिला, कलम कोणतं."

मी विचारलं. बाई हसली नाही. म्हणाली, आहे. जिचं अंग तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा इथला कायदा आहे. बापाला सुद्धा.

मी ते मराठीत सांगितलं. त्याचा हात कानामागून खाली आला. इतक्या वर्षांत कुणी त्याला कलम दिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं स्वतःच लेकीला सांगितलं. लपवणं त्याला जमायचं नाही. आमची भिंत पातळ. पोरीचा आवाज चढला नाही, पण मला शब्द न शब्द ऐकू आला.

"बाबा, तुम्ही अमावास्येला माझं लग्न लावलंत. आणि आता माझ्या बाळाचा मुहूर्त काढताय?"



त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही. पण पोरगी जिना उतरायला लागली की याचे डोळे तिच्या पोटावर. जेवताना ती जरा थांबली की याचाही घास थांबायचा. जावई मला म्हणाला, काका, त्यांना जरा फिरवून आणा, घरात श्वास घेता येत नाही.

कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईणबाई सायकल भिंतीला टेकवून आत गेली. हा बाहेर फरशीवर उभा, अंगात नुसता स्वेटर, नजर वरच्या खिडकीवर. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. बंद दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय ते मला त्याच वर्षी, मे महिन्यात, दवाखान्यात कळलं होतं.

"काय मागतोयस?" मी विचारलं.

 मग म्हणाला, "तेच समजून नाही राहिलं. ये म्हणू का थांब म्हणू? आज आलं आणि पोरीला काही झालं तर?"

"मग गप उभा राहा," मी म्हटलं.

त्याला थंडीनं हुडहुडी भरलेली, पण आत जाईना. मी घरात गेलो, समोर जे होतं ते काढलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. त्यानं बाही चाचपली. निळी.

"हा काढायचा नव्हता ना?"

"तसं कलम नाही."

अंधार पडायला लागला तशी सुईणबाई बाहेर आली. कळा थांबल्या होत्या, खोट्याच होत्या. आई बरी, बाळ बरं, बाळाला घाई नाही, म्हणाली, आणि सायकलवर बसली. हा बायकी कोट घालून पायरीवर बसला. मी उठवलं नाही.

बाळ नाताळानंतर झालं. इथं बाळ झालं की कडक टोस्टला लोणी लावून वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या घालून वाटतात. हा बशी घेऊन आला. माझी जीभ अशी, मी विचारलं, "मग? आत की बाहेर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मुलगी आहे," म्हणाला, आणि बशी पुढे केली.

जानेवारीत त्याचे इथले दिवस संपले. कॅनडाचा पासपोर्ट असला तरी इथं पाहुणा तीनच महिन्यांचा. मी म्हटलं, थांब की आठवडाभर, पोर एवढीशी आहे, कोण विचारतंय. म्हणाला, "कलम आहे बे."

जावयाला त्यानं लेकीपाशी थांबवलं. बसस्टॉपपर्यंत मीच गेलो. बॅग चढवली, दार लागलं. ड्रायव्हर काहीतरी म्हणाला, बॅग वाटेत नको असं बोटानं दाखवत. काचेतून मला दिसलं, हनुवटी वर गेली, हात कानाकडे निघाला. मग तो अर्ध्यातच थांबला, आणि यानं वाकून मुकाट्यानं बॅग बाजूला ओढली.

मला ते बघवलं नाही. मी काचेवर पंजा आपटला आणि आतल्या ड्रायव्हरला विचारलं, कलम कोणतं बे? बसमधली सगळी माझ्याकडे बघायला लागली. हा माझ्याकडे वळला. हसत होता. हात पुन्हा वर गेला होता, कानामागे की डोळ्यांकडे, ते कळायच्या आत बस वळली.