रापण, माझी झूम लेन्स आणि चार बांगडे

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून सरळच लिहितो.

मागच्या महिन्यात याच ग्रुपवर विचारलं होतं, नव्या मिररलेस कॅमेऱ्याने रापणीचे फोटो काढायचेत, लेन्स कुठली घेऊ? रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. तुम्ही एका सुरात म्हणालात, मोठी झूम घे, लांबून चेहरे टिपता येतात. रापणीच्या वेळी तू कुठे उभा असतोस, हे एकानेही विचारलं नाही. आणि मी गाढव, मलाही ते सुचलं नाही.

आज सकाळी आमच्या वाडीची रापण होती. मी लांब सुरूच्या झाडाखाली उभा राहून झूम लावली. फोटो झकास आले. काकांच्या कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब दिसतो.

काका ओरडले, "अरे, थंय काय करतंस? हंय ये, दोर धर!"

मी हातानेच 'थांबा' अशी खूण केली. लहानपणापासून धरलेला दोर आज धरला नाही.

दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे मासळीत वाटा असतो. वाटे घालून झाल्यावर काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या पावण्याक पण चार बांगडे घाल रे."

पाहुणा! माझ्याच वाडीत!

झूम विकायला काढली आहे. आता माणसांत उभं राहून फोटो काढता येईल अशी लेन्स सुचवा. आणि ज्यांनी रापणीचा दोर कधी हातात धरलेला नाही, त्यांनी या वेळी कृपया गप्प बसा.