बेटावरचा दक्षिणमुखी मारुती

ज्या वर्षी माझी मुलगी गेली, त्या वर्षापासून मी देवापुढं हात जोडणं सोडून दिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. खुलताबादच्या घाटाखाली आमचं गाव. विहिरी आटल्या होत्या आणि बायका तळाशी उरलेलं गढूळ पाणी वाटीनं घागरीत भरत होत्या. त्या पाण्यानं गावात उलट्या-जुलाबाची साथ आली आणि माझी सुमन तिच्यात सापडली. जेमतेम बोलायला लागलेली पोर. मी फौजेत, दूर उत्तरेकडे बर्फात. माझ्या बायकोनं भद्रा मारुतीला साकडं घातलं, अनवाणी डोंगर चढून गेली, तिथला अंगारा आणून पोरीच्या कपाळाला लावला. मला तार मिळाली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सुट्टीवर घरी आलो तर बायको एवढंच म्हणाली, देवाची मर्जी. त्या शब्दांचा मला इतका संताप आला की त्या दिवसापासून मी देवघराकडे पाठ करून जेवायला बसू लागलो.

आमचा भद्रा मारुती निजलेला आहे. उताण्या निजलेल्या मारुतीची अशी मूर्ती क्वचितच कुठं असेल, आणि आमच्या भागातल्या लोकांना त्याचा मोठा अभिमान. मी मात्र तेव्हापासून टोमणे मारायला लागलो. देव निजलाय तर निजू द्या, कशाला उठवता बिचाऱ्याला, असं मी भर पारावर बोलायचो. मुळातच माझी जीभ तिखट, त्यात जखम ओली. म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची, पण पोर गेलेल्या बापाला उलटून कोण बोलणार?

पुढं आमची तुकडी निकोबारच्या एका बेटावर गेली. मद्रासहून जहाजानं पोर्ट ब्लेअर आणि तिथून आणखी एका लहान जहाजानं खाली दक्षिणेला. निवृत्त फौजी एकत्र जमले की लडाखच्या, काश्मीरच्या गोष्टी सांगतात. मी बेट म्हटलं की हसतात, म्हणतात तुमची मजा होती, नारळपाणी प्यायचं आणि वाळूत लोळायचं. नारळ खूप होते हे खरंच. पण जहाज यायचं तेव्हा यायचं, आणि मधल्या काळात आपण जगात आहोत की नाही याची शंका यावी इतका एकांत. कपडे वाळायचे नाहीत, बुटांना बुरशी यायची, दगडावर चार दिवसांत हिरवं शेवाळ चढायचं. आणि पाऊस. रोज, दिवसभर, धो धो. पहिल्या आठवड्यात मी बराकीच्या ओसरीवर बसून तो पाऊस बघायचो आणि मनातल्या मनात जळायचो. ज्या पाण्यावाचून माझी पोर गेली, ते इथं असं वाया जात होतं. वाटायचं, कुणी वरून हे वाटत असेल तर त्याच्याइतका आंधळा दुसरा नाही.

माझ्या शेजारची खाट खंडूची. तो धनगराचा, खुलताबादच्या पलीकडच्या वाडीतला. फौजेत येईपर्यंत मेंढरांमागं हिंडलेला. एका तालुक्याचे म्हणून आमची गट्टी जमली, नाहीतर स्वभाव म्हणजे एक पूर्व, एक पश्चिम. मी दिवसभर कुरकुरणार आणि हा शनिवारचा उपास धरून वर गुणगुणत भांडी घासणार. बेटावर आल्यावर त्याला एकच खंत होती. गाव म्हटलं की वेशीला मारुती हवा, आणि इथं आम्ही इतकी माणसं राहतो, चूल पेटवतो, तर आपल्याला मारुती नको का? किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपाशी एक काळा खडक एकटाच उभा होता. खंडूनं घरून पुडीत शेंदूर आणलेला होता. तो खोबरेल तेलात कालवून त्यानं खडकावर मारुती रेखला.

त्यावरून तळावर वाद झाला. आमच्या सुभेदारसाहेबांचं म्हणणं पडलं की देवाचं तोंड तळाकडे कर, म्हणजे सगळ्यांना बसल्या जागी दर्शन होईल. दक्षिण दिशेला नुसता समुद्र. पण खंडू ऐकेना. "मारुतीचं तोंड दक्खनंलाच पायजे साहेब," तो म्हणाला. "आपल्या सोयीसाठी देव फिरवायचा नसतो." सुभेदारसाहेब भले माणूस, हसून सोडून दिलं. झालं असं, की दर्शन घ्यायचं तर खडकाला वळसा घालून गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागे. भरतीच्या वेळी तर लाट पाठीवर. आम्ही खंडूची खूप थट्टा केली. मी म्हणालो, वर आमच्याकडे निजलेला, इथं पाठमोरा, एकूण मारुतीला आपलं तोंड बघायचं नाहीच.

पुडीतला शेंदूर संपल्यावर खंडूनं जहाजावरच्या खलाशांना गाठलं. लोखंडाला गंज चढू नये म्हणून ते जहाजाला जो शेंदरी रंग लावतात, त्याची भुकटी त्यांच्याकडे होती. एक खलाशी म्हणाला, अरे तुझा शेंदूर आणि आमचा हा रंग एकच चीज आहे. एक डबा त्यानं खंडूला देऊन टाकला. तो डबा खडकाच्या कपारीत राहायचा. दर शनिवारी खंडू नारळाच्या काथ्यानं शेवाळ घासायचा, पुसायचा आणि नवा हात फिरवायचा. एक शनिवार चुकला तरी खडक हिरवा पडे आणि मारुती कुठं होता ते शोधावं लागे.

आमच्या बेटासमोर एक लहानसं बेट होतं. तिथं टेहळणीसाठी दोन जवान आळीपाळीनं ठेवत. पावसाळ्यात खंडूची पाळी आली. जाताना मला म्हणाला, तेवढं शनिवारी देवाचं बघ. मी स्पष्ट नाही म्हटलं. म्हटलं, शेंदरासाठी जो देव तुझी वाट बघत बसतो तो कसला देव? तो रागावला नाही. मला वाटतं त्याला सुमनची आठवण झाली असावी, कारण त्यानं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि होडीत जाऊन बसला.

ती होडी बेटावरच्याच एका म्हाताऱ्याची. तो निकोबारी, बोलायला मोडकी हिंदी. समोरच्या बेटावर तोच शिधा पोचवायचा. दोन-तीन आठवड्यांनी शिधा पोचवून तो परत आला तो निरोप घेऊनच, की खंडूला ताप चढलाय आणि तो माणसं ओळखत नाही. त्या बेटांवरचा हिवताप डोक्यात गेला की माणूस हातचा जातो हे आम्हाला माहीत होतं. औषध होतं ते आमच्या तळावर, आणि इंजेक्शन द्यायला येत होतं ते फक्त दवाखान्याच्या हवालदाराला. तो दुसऱ्या दोन आजाऱ्यांना सोडून निघू शकत नव्हता, म्हणून खंडूलाच आणायचं ठरलं आणि मी म्हाताऱ्याबरोबर निघालो.

जाताना समुद्र शांत होता. खंडूला घोंगडीत गुंडाळून होडीत आडवं केलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धे उघडे. अर्धी वाट आलो आणि पाऊस आला. वाऱ्यानं होडी फिरवली, आणि समोरचं बेट, मागचं बेट, सगळं एका करड्या पडद्याआड गेलं. आमच्या बेटाभोवती पाण्याखाली पोवळ्याची धारदार भिंत होती आणि तिला आमच्या किनाऱ्यासमोर एकच खिंड. तिथूनच होडी आत यायची. दुसरीकडे कुठंही गेलात तर लाट होडी उचलून पोवळ्यावर आपटणार. म्हातारा एरवी दोन उंच माड हेरून त्या खिंडीत शिरायचा. त्या पावसात माड कुठले दिसायला? पाऊस जरा विरळ झाला की किनाऱ्याची एक हिरवी पट्टी दिसायची, इकडून तिकडून सारखीच, आणि पुढं लाटा फुटल्याचा आवाज. म्हाताऱ्यानं वल्हं थांबवलं. त्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

तेवढ्यात खंडू बोलला. "आज शनिवार हाय ना? देवाला शेंदूर कोण लावंल?" पुन्हा पुन्हा तेच. शनिवार होता खरा. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी होडीतलं पाणी उपसत होतो, आणि माझ्या मनात एकच होतं, की हाही असाच जाणार. मागच्या वेळी मी लांब होतो, या वेळी जवळ बसून बघायचं आहे. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ती प्रार्थना नव्हती. मी ओरडलो, घे, तुला घ्यायचं असेल तर घे, माझ्यानं आता होत नाही. सुमन गेल्यापासून मी देवाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मग मी मान वर केली आणि मला शेंदरी ठिपका दिसला. त्या करड्या पावसात, हिरव्या पट्टीच्या कडेला, कपाळावर लावावा इतका लहान. डाव्या हाताला होता. आम्ही भलतीकडेच चाललो होतो. मी म्हाताऱ्याचा दंड धरून तिकडे बोट केलं. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं, मान हलवली आणि होडी वळवली. ठिपका मोठा होत गेला. तो खंडूचा खडक होता, समुद्राकडे तोंड केलेला. एका लाटेनं आम्हाला उचललं आणि पुढच्या क्षणी आम्ही खिंडीतून आत, शांत पाण्यात होतो. खंडूला उचलून मी तळाकडे पळालो. हवालदारानं क्विनीनचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी खंडूनं डोळे उघडून मला नावानं हाक मारली आणि मी बाहेर जाऊन एकटाच रडलो.

मला खात्री होती की तळावरच्याच कुणीतरी खडकाला रंग दिला असणार. विचारलं तर कुणीच दिला नव्हता. सगळे म्हणाले आम्हाला वाटलं तू देत असशील. मग मी खडकापाशी गेलो, वळसा घालून पाण्यात उभा राहिलो. खडक स्वच्छ घासलेला होता. त्यावर रंगाचा जाड थर, खंडू द्यायचा त्याहून जाड, आणि त्यात हाताची बारीक बोटं उमटलेली. पुढ्यात करवंटीत तिथल्या लोकांचं रोजचं खाणं, एका रानफळाचा उकडलेला गर. मारुतीला असा नैवेद्य कुणी दाखवला नसेल.

होडीवाल्या म्हाताऱ्यानं उलगडा केला. ती त्याची बहीण. किनाऱ्यावरच राहायची, खोबरं वाळवायची, रविवारी चर्चमध्ये जायची. खंडूशी ती कधी एक शब्द बोलली नव्हती. मारुती कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, या माणसाच्या घरातला कुणी म्हातारा वारलेला असेल, त्याचा हा दगड. खंडू गेला आणि दगडावर शेवाळ चढलं, ते तिला बघवेना. "वो आएगा तो उसका मन दुखेगा, ऐसा बोली," म्हातारा म्हणाला. खंडू गेल्यापासून ती दर शनिवारी येऊन हात फिरवून जात होती, त्या दिवशीही सकाळीच येऊन गेली होती.

यात चमत्कार कुठला ते मला सांगता येणार नाही, आणि कुणी वाद घालायला बसलं तर मी उठून जाईन. एका बाईला परक्या माणसाच्या मनाची काळजी वाटली, एवढंच घडलं. मी तिच्या झोपडीपाशी जाऊन वाकून नमस्कार केला. ती लाजली आणि हसून आत गेली. नंतर मी पुन्हा खडकापुढं जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले. सुमन का गेली, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, ते आजही मिळालेलं नाही. पण लाटा पायावर येत होत्या आणि मला पहिल्यांदा वाटलं, की उत्तर न मिळतासुद्धा माणसाला इथं उभं राहता येतं. घरी आल्यावर मी बायकोशेजारी देवघरासमोर बसलो. तिनं निरांजन माझ्यापुढं सरकवलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी सुनामीत त्या बेटांवर समुद्र चालून आला तेव्हा ती झोपडी, तो किनारा राहिला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी त्या बाईचं नावही विचारलेलं नव्हतं. संभाजीनगरात छावणीजवळ राहतो, वय झालं आहे, आता डोंगर चढवत नाही. माझ्यामागं देवाचं कोण करील म्हणून घरातली माणसं हळहळतात. मी मात्र निर्धास्त झोपतो. खंडूला तेव्हा पुढच्या जहाजानं पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात हलवलं होतं. तिथून तो बरा होऊन परत आला, तेव्हा मी त्याला खडकापाशी नेऊन सगळी हकिकत सांगितली होती. मला वाटलं तो आनंदानं नाचेल. तो पाण्यात तसाच उभा राहिला, गालावरून पाणी वाहत होतं. म्हणाला, "म्हंजी माझ्यावाचून देवाचं कायबी अडलं नव्हतं. तरीबी त्यानं मला ठिवलं."