नागझिऱ्याच्या वाटेवर पळसाचे द्रोण

नागझिऱ्याला लोक वाघ पाहण्यासाठी जातात. आम्ही पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन गेलो. माझी नात मीनल नागपुरास डिझाइनचे शिक्षण घेते. जंगलाच्या वाटेवरील एखाद्या दुकानाचा कचरा कमी करून दाखवावा, असे काम तिला मिळाले होते. अट अशी की, ती परतल्यावरही दुकानदाराने ती रीत स्वखुशीने पाळावी. माझ्या शब्दाला तालुक्यात मान असल्याने मी सोबत निघालो.

आमच्या केशोरी गावाहून सकाळची बस, अर्जुनी-मोरगावला बदल, पुढे साकोलीहून जीप. जीपचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. पाणी घरचेच होते. मीनल बाटली विकत घेऊ देत नाही. हीच मुलगी शाळेत असताना बिस्किटाचा कागद खिडकीतून फेकीत असे. आता तो घडी करून पिशवीत ठेवते.

"हे कोणी शिकवले?" मी विचारले.

"कोणी नाही, आबाजी. सरांनी आमच्याच वर्गाचा कचरा आम्हाला निवडायला लावला. तेव्हापासून काही फेकताना हात थांबते."

अभयारण्याच्या फाटकाअलीकडे रामाजींचे दुकान आहे. तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, उत्तम, मात्र मागे थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग. द्रोण पाहून रामाजी म्हणाले, "कायले आणलं हे, बाई? पर्यटक म्हणतीन, दुकानदार गरीब हाये."

मी म्हणालो, "मी सांगतो, ठेवा."

"आबाजी, तुम्ही नका सांगू," मीनलने मला अडविले. "मग ते तुमच्यासाठी ठेवतील, अन् उद्या सोडून देतील."

आजचा दिवस मीच वाढते, असे म्हणून तिने रामाजींना राजी केले. पहिल्याच द्रोणातून तर्री गळून एका पर्यटकाच्या पँटवर सांडली.

"घ्या! आता धुणंबी मीच करू का?" रामाजी म्हणाले.

मीनल द्रोणात द्रोण बसवून वाढू लागली व रिकाम्या वेळी बाकावर बसून कोण काय कोठे टाकतो ते पाहत राहिली. दुपारी तिने विचारले, "काका, सायंकाळी हे झाडते कोण?"

"मीच. कंबर गेली माही."

तिने उष्टे द्रोण रामाजींच्या गायीपुढे ठेवले. गायीने ते तर्रीसकट फस्त केले.

"अरे, हे गाय तं झाडून देऊन राहिली!" रामाजी हसले, पण वचन दिले नाही. "पाहू," एवढेच म्हणाले. उरलेल्या द्रोणांची टोपली तेथेच ठेवून आम्ही परतलो.

काही दिवसांनी बसच्या कंडक्टरने ती टोपली रिकामी आणून दिली. सोबत निरोप होता : "भरून धाडा. गाय दुकानापुढून हालत नाही."

तालुक्यात माझ्या शब्दाला मान आहेच. या कामी तो लागला नाही. टोपली मात्र मी स्वतः भरली.