वाट पाहणारा प्रोग्राम

अल्लीपूरच्या अण्णाजींची इंदिरा गणितात एम.एस्सी. होऊन वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवू लागली. अठ्ठ्याऐंशी साली तिथं युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं. त्यावर प्रोग्राम लिहायची सी भाषा शिकवायला कोणी तयार होईना, तेव्हा ते काम हिच्याकडे आलं. आधी स्वतः पुस्तकावरून शिकायची, मग पोरांना सांगायची.

एका शनिवारी सिंदीहून पाहुणे तिला पाहायला आले. आई आनंदाबाई सकाळीच तिच्या वर्ध्याच्या खोलीवर येऊन बसली होती. इंदिरा पोचली तोवर पाहुण्यांचे आलुबोंडे आणि चहासुद्धा झाला होता.

"काऊन वं, आजच उशीर?" आईनं दारातच हळू विचारलं.

"प्रोग्राम अडकला होता." तिनं तोंडावर पाणी मारलं आणि त्याच साडीत पुढे येऊन बसली.

मुलाचे काका बबनराव स्वयंपाकाचं विचारत राहिले. ती उत्तरं देत होती, पण मन कॉलेजातच होतं. मुलगा नरहर सिंदीच्या शाळेत भूगोल शिकवायचा. त्यानं एकच विचारलं, "काय अडकलं होतं?"

विचारायचं म्हणून विचारत असेल, असं तिला वाटलं. तरी तिनं सांगितलं. एका प्रोग्रामातून दुसरा जन्मतो. बाप आणि मूल म्हणा. एकाच्या मनातलं दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून दोघांमध्ये पाइप ठेवायचा. एका टोकानं बापानं लिहायचं, दुसऱ्या टोकानं मुलानं वाचायचं.

"बापाचं लिहून होते. तो आपलं टोक बंद करते. पण मूल वाट पाहतच राह्यते. संपलं, हे त्याले समजतच नाई."

"कसं समजावं त्याले?"

"लिहायचं टोक सगळ्यांनी बंद केलं की समजते."

"बापाशिवाय अजून कोणाजवळ आहे ते?"

इंदिराच्या एकदम लक्षात आलं. जन्मतानाच मुलाला दोन्ही टोकं मिळतात. त्याच्याकडचं लिहायचं टोक तिनं बंद केलंच नव्हतं.

"त्याच्याच जवळ," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. बबनराव आनंदाबाईंकडे पाहत राहिले.

निघताना नरहरनं विचारलं, "सोमवारी मले तो प्रोग्राम पाहाले भेटन काय?"

सोमवारी तो अर्धी सुट्टी टाकून पॅसेंजरनं कॉलेजात आला. चपला बाहेर काढून तिच्या शेजारी स्टुलावर बसला. तिनं मुलाकडचं ते टोक बंद करणारी एक ओळ वाढवली आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर रोमन अक्षरांत उमटलं, 'जेवण झालं का'.

"हे बापानं विचारलं?"

"हो."

"मूल काय म्हणालं?"

"त्याले सांगता येत नाई. हा पाइप एकाच बाजूनं वाहते. उत्तरासाठी दुसरा लागते."

"मग टाका ना दुसरा. मी बसतो."

दुसरा पाइप जमेपर्यंत संध्याकाळ झाली, त्याची गाडीही गेली. मध्ये त्यानं फक्त एकदा पाणी मागितलं. आपल्या कामाशेजारी कोणी इतकं निवांत बसू शकतं, हे इंदिराला ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं अण्णाजींना होकार कळवला.