टाकीच्या तोंडाशी

घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. तिचे पाठचे दोन सख्खे भाऊ तिथंच कामाला होते. त्यांचं ऐकून साहेबांपासून हमालांपर्यंत सगळ्यांची ती ताई झाली. पूर्वी तीही रसायनांची पिंपं धुवायची. ॲसिड उडून एक डोळा गेला, तेव्हा तिला कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायला बसवलं.

"माणूस टाकीत पडला तर काय करायचं?"

"मागोमाग उतरायचं!" कोणीतरी हटकून म्हणायचं.

"म्हणजे दोन मुडदे. हवेचा सिलिंडर पाठीवर, दोर कमरेला, मगच आत. सख्खा भाऊ असला तरी."

मधला भाऊ मागून ओरडायचा, "ऐकलंत ना? मला वाचवायला येऊ नका रे, ताई रागावेल!" सगळे खो खो हसायचे.

एका दुपारी तोच पडला. गाळाच्या टाकीवर तुंबलेला पाइप मोकळा करायला वाकला, वायूनं घेरी आली आणि सरळ खाली गेला. ताई धावत पोचली तेव्हा धाकट्यानं शिडीवर पाय टाकला होता. तिनं त्याच्या कमरेला मिठी घालून त्याला मागं खेचलं.

"सोड ताई! हात हलतोय त्याचा!"

सिलिंडर स्टोअरमध्ये कुलपात होते आणि किल्लीवाला जेवायला गेलेला. लोक कुलूप फोडत होते, तोवर धाकटा तिला शिव्या देत होता, तिच्या दंडाला कडकडून चावला. मिठी सुटली नाही.

मधल्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

धाकट्यानं नोकरी सोडली, ताईशी बोलणंही टाकलं. कित्येक महिन्यांनी तो अचानक तिच्या दारात उभा राहिला. तिनं चहा टाकला. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, एका डोळ्यानं तुला नीट दिसलं नसेल ना? त्याचा हात?"

हो म्हणाली असती तर सगळं मिटलं असतं. तो तेच ऐकायला आला होता, हे तिला कळत होतं.

"दिसला होता," ती म्हणाली.

चहाला तोंड न लावता तो उठला, चपला घालून निघून गेला. पुन्हा आला नाही. मधल्याची बायको येते अधूनमधून, मुलांना घेऊन. दोघी भाजी निवडत बसतात. त्या दुपारचा विषय कोणीच काढत नाही.